थांबलं तर जमीन

टाचणीला ऐकू येत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लहानपणी ताप आला, चांगला आठवडाभर मुक्काम ठोकून बसला आणि जाताना तिचे कान घेऊन गेला. टाचणी हे तिचं खरं नाव नव्हे, नवऱ्याने ठेवलेलं. अंगाने काटकुळी, जिभेने टोकदार, त्यातून दिवसभर ओठांत टाचण्या धरून लोकांचे कपडे दुरुस्त करत बसणारी. दुसरं काय नाव ठेवणार होता तो? बोलायला ती त्याच्याच ओठांवरून नव्याने शिकली होती. तो तिला ‘तू’ म्हणायचा, म्हणून तीही त्याला ‘तू’ म्हणायची. सासूने यावरून पुष्कळ कपाळाला हात लावून घेतला, पण बहिरीला टोमणे मारून उपयोग काय? ती सरळ डोळे मिटून घ्यायची, की संपला विषय.

बहिऱ्या माणसाच्या घरात हाका मारत नाहीत, पाय आपटतात. लाकडी जमिनीवर पाय आपटला की तळव्यांना कळतं, आणि माणूस मान वर करून बघतो. त्यांची लेक रांगत होती तेव्हापासून भूक लागली की टाच आपटायची. आलेगेले पाहुणे घाबरून जायचे. त्यांना वाटायचं, या घरात सदानकदा भांडण चाललेलं असतं. प्रत्यक्षात ‘चहा झाला’, ‘गिऱ्हाईक आलंय’, ‘दिवा घालव’ एवढंच काय ते चाललेलं असायचं.

नवरा सुतार होता. खाली टाचणीचं शिवणाचं दुकान आणि वर राहायची खोली, असं ते चिंचोळं घर त्याने स्वतःच्या हातांनी उभं केलं होतं. दुकानातून निघून वरच्या खोलीतून थेट छपराला जाणारा एक अखंड लाकडी खांब होता. त्या खांबाला लागूनच त्याने बायकोचं शिवायचं टेबल बसवलं. ती खांबाला खांदा टेकून शिवायला बसायची, आणि वर त्याने खांबावर ठोकलं की तिच्या खांद्यात कळायचं. आपल्या या करामतीवर स्वारी भलतीच खूश होती. म्हणायचा, ‘लोकांच्या बायकांना हाक मारावी लागते, माझीला नुसतं दार ठोठावायचं.’

मग त्याला झटका आला. एक बाजू गेली, तोंड वाकडं झालं. ज्या ओठांवरून ती सगळं जग वाचत आली होती तेच ओठ आता काही सांगेनात. राहिला फक्त एक हात, आणि त्यातलीही ताकद जेमतेम. लेकीने त्याची खाट खांबाजवळ सरकवली, त्याची जुनी लाकडी हातोडी दोरीने खांबाला टांगून ठेवली, आणि तेवढ्यावर दोघांचा संसार चालू राहिला. पाणी हवं, कूस बदलायची, श्वास कोंडला, की हातोडी खांबावर आणि बायको जिन्यावर. टाचणीने त्या दिवसापासून दिवसा शिलाई मशीन लावणंच सोडून दिलं. मशीन थरथरतं ना, मग त्याचं ठोकणं कळायचं कसं? दिवसभर ती हाताने तुरपाई, काज, बटणं करायची आणि संध्याकाळी लेक दवाखान्यातल्या नोकरीवरून घरी आली की मशीनवर बसायची. कामं मागे पडत, गिऱ्हाइकं कुरकुरत. ती ओठांतल्या टाचण्या न काढताच हात जोडायची.

असं बरं चाललं होतं म्हणायचं. बरं म्हणजे काय, दिवस ढकलणं चाललं होतं.

आणि एक दिवस सुताराने हातोडीला हातही लावलेला नसताना खांबाने टाचणीच्या खांद्याला धक्का दिला.

ती वर धावली. तो शांतपणे खिडकीबाहेर बघत पडला होता.

‘बोलावलंस?’

त्याने बोट हलवलं. नाही.

ती खाली आली. दुपारी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी सुईत दोरा ओवत होती, तेवढ्यात पुन्हा. पुन्हा वर, पुन्हा त्याचं नाही. तिला वाटलं, झोपेत ठोकत असेल. त्याला वाटलं, बायकोला खाली करमत नाहीये आणि कबूल करायची लाज वाटतेय. त्याने अर्ध्या तोंडाने हसून खाटेची कड थोपटली. आलीसच तर बस.

‘मस्करी करतोस माझी?’ टाचणी कडाडली. स्वतःचा आवाज तिला कुठे ऐकू येत होता, त्यामुळे कडाडली की समोरच्या बेकरीपर्यंत ऐकू जायचं. ‘खाली कामाचा डोंगर पडलाय, आणि तुला इथे खेळ सुचतोय? गुडघे मोडून घ्यायचेत का माझे?’

तो बोटं हलवून सांगत राहिला, मी नाही, मी नाही. ती कशाला बघते? तरातरा खाली निघून गेली. पुढच्या हादऱ्याला ती मुद्दाम उठली नाही. टेबलावरची कात्री आपसूक सरकत कडेला आली आणि खाली पडली, तेव्हा मात्र ती उठली. तिने खिडकीतून पाहिलं. अख्खी गल्ली रस्त्यावर आली होती. बेकरीवाली पिठाचे हात तसेच घेऊन, न्हावी अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकासकट, सगळे एकमेकांची तोंडं बघत उभे. टाचणीने बेकरीवालीचे ओठ वाचले. ‘भूकंप! अगबाई, आपल्याकडे भूकंप!’

तर असं होतं. त्या गावात कधी कोणाच्या बापजन्मी जमीन हलली नव्हती. पाऊस जास्त झाला, कमी झाला, आगी लागल्या, रोगराई झाली, पण जमीन बिचारी आपली जागच्या जागी. त्यामुळे पहिले दोन दिवस कोणाला कळलंच नाही. कोणी म्हणे बाजूला खोदकाम चाललंय, कोणी म्हणे जड गाडी गेली. न्हाव्याने तर आपल्याला चक्कर येते म्हणून औषध सुरू केलं होतं. मग सरकारी माणसं आली, यंत्रं लावून गेली आणि सांगून गेली की घाबरू नका, हे लहान धक्के आहेत, काही दिवस येत राहतील. किती दिवस? ते काही सांगता येत नाही, म्हणाले. झालं! एवढं सांगायला यंत्र कशाला हवं होतं?

टाचणी वर गेली आणि नवऱ्याच्या उशाशी बसली.

‘तू नव्हतास,’ ती म्हणाली. ‘जमीन होती.’

त्याने तिच्या कपाळावर टिचकी मारली. मारायला तेवढाच हात होता.

पुढचे दिवस मात्र तिच्या जिवाची नुसती ओढाताण झाली. हादरा आला की आधी खिडकीतून बघायचं. लोक बाहेर आलेले दिसले तर जमीन, कोणी नसलं तर नवरा. ही युक्ती थोडे दिवस चालली. पण माणूस कशालाही सरावतो हो. न्हावी धक्का बसला तरी वस्तरा क्षणभर उचलून परत टेकवायला लागला. बेकरीवालीने बरण्या खालच्या फळीवर ठेवल्या आणि बाहेर यायचं सोडून दिलं. ‘रोज मरे त्याला किती पळायचं?’ म्हणाली. गल्ली आपल्या कामाला लागली, आणि टाचणीच्या हाती होती ती एकुलती एक खूणही गेली.

मग ती प्रत्येक हादऱ्याला वर धावू लागली. दिवसातून कितीदा, याला काही धरबंध राहिला नाही. जेवणावरून उठायची, गिऱ्हाइकाचं माप अर्धवट टाकून उठायची. एकदा घाईत जिन्याची पायरी चुकली आणि गुडघ्यावर आपटली. लेक घरी येऊन बघते तर आईचा गुडघा टम्म सुजलेला आणि ती एकेक पायरी बसून चढतेय.

‘आई, बास झालं,’ लेक तिच्या समोर येऊन, ओठ नीट दिसतील असं बोलली. ‘बाबांच्या हाताशी बटण देऊ या आणि खाली दिवा. बटण दाबलं की दिवा लागेल. जमिनीला काही बटण दाबता येत नाही.’

‘आणि मी शिवणाकडे बघू की दिव्याकडे?’

‘मोठा लावू. लाल. डोळ्यांत घुसेल असा.’

टाचणीला पटलं. वायरमनला निरोप गेला. पण वायरमनला त्या दिवसांत कुठली उसंत? हादऱ्यांनी घरोघरच्या तारा सैल झालेल्या, सगळं गाव त्याच्या मागे लागलेलं. येतो म्हणाला. उद्या येतो, परवा नक्की येतो.

तोवर काहीतरी करायला हवं होतं. लेकीने सुचवलं, बाबांनी दोनदा ठोकायचं, थांबायचं, मग एकदा. त्यांनी करून बघितलं. लेक खाली आईजवळ उभी राहिली. सुताराच्या हाताला तो ताल काही सांभाळता येईना. दोनाचे तीन व्हायचे, मधला खंड नको तिथे पडायचा, आणि हातोडी खांबावर घसरून नुसती खरखरायची. ज्याने उभ्या आयुष्यात एक खिळा वाकडा ठोकला नाही, तो घामाघूम होऊन रडकुंडीला आला. टाचणी वर गेली आणि तिने हातोडी त्याच्या मुठीतून सोडवून घेतली.

‘राहू दे ते मोजणं,’ ती म्हणाली. ‘सोपं करू. जमीन जरा वेळ हलते आणि थांबते. तू थांबायचं नाहीस. मी वर येईपर्यंत ठोकत राहायचंस. थांबलं तर जमीन, चालू राहिलं तर तू. कळलं?’

त्याच्या डोळ्यांत हसू आलं. त्याने बोटांनी सांगितलं, सुतार आहे मी. ठोकून दमणार नाही.

‘बघू किती दम आहे तो,’ ती म्हणाली, आणि हातोडी परत त्याच्या हातात दिली.

ही युक्ती तिची, तिच्या डोक्यातून निघालेली. लेकीलाही पसंत पडली, बेकरीवालीने तर कौतुक केलं. आणि खरंच फार छान चाललं हो! खांब हलला की टाचणी सुई थांबवून वाट बघायची. थांबला की पुन्हा टाका. चालू राहिला की कपडा बाजूला ठेवून, गुडघा सांभाळत, सावकाश वर. तो हातोडी चालवतच असायचा आणि ती दारात दिसली की ऐटीत थांबायचा. कधी पाण्यासाठी, कधी उशीसाठी, आणि एकदा तर नुसतंच. खिडकीवर एक पक्षी बसला होता, तो दाखवायला. तिने रागावल्यासारखं केलं. पण पक्षी उडून जाईपर्यंत खाली गेली नाही.

त्या दिवशी एका बाईचा पांढरा झगा आला होता. खालची कड उसवलेली, कापड मुलायम, तुरपाई अशी हवी की टाका दिसता कामा नये. बाई संध्याकाळी न्यायला येणार होती. दुपारची वेळ होती. टाचणी खांबाला खांदा लावून कडेवर वाकली होती.

खांबातून धक्का आला. मग आणखी एक. मग जरा ओबडधोबड, घसटल्यासारखं काहीतरी.

तिने सुई थांबवली. वाट पाहिली.

थांबलं होतं.

‘जमीन,’ ती स्वतःशीच म्हणाली आणि तिने पुढचा टाका घातला.

कड लांबलचक होती. तिने ती पुरी केली, दोरा दाताने तोडला, झगा उजेडात धरून पाहिला. टाका कुठे दिसत नव्हता. मनासारखं काम झालं की ते नवऱ्याला दाखवायची तिची जुनी सवय होती. तो लाकडातला माणूस, त्याला कापडातलं ओ की ठो कळत नसे, पण बघून मान डोलवायचा. तेव्हा ती झगा हातावर टाकून वर गेली.

तो खाटेवरून अर्धा खाली घसरला होता. तोंड गादीच्या कडेत दबलेलं. हातोडी दोरीला लोंबकळत होती, आणि त्याचा हात तिच्या दिशेने तसाच पसरलेला होता. खांबावर ताजे वण होते. वरचा खोल, त्याखालचा त्याहून हलका, आणि त्याच्या खाली एक लांब ओरखडा, हातोडी घसरत गेलेली.

टाचणीने त्याला उचललं. कुठून आली एवढी ताकद, कोण जाणे. तिने त्याला उताणं केलं, गाल चोळले, छातीवर हात आपटले, पाय आपटले. हो, पाय आपटले. त्याला ऐकू येत होतं, तरी तिला दुसरी हाक ठाऊकच नव्हती. समोरच्या लोकांनी सांगितलं की तिच्या ओरडण्याने ते आले. आपण ओरडलो हे तिला माहीत नव्हतं.

डॉक्टर आला, लेक आली. टाचणी भिंतीला टेकून बसली होती. डॉक्टर लेकीशी दाराजवळ हळू आवाजात बोलला. त्याच्या बिचाऱ्याच्या ध्यानात कसं येणार, की या बाईला आवाज हळू काय आणि मोठा काय! तिने त्याचे ओठ वाचले. ‘थोडं आधी कोणी उचललं असतं तर.’

मग लेक तिच्यासमोर येऊन बसली आणि ओठ नीट हलवत म्हणाली, ‘आई, डॉक्टर म्हणाले, कोणाच्याच हातात काही नव्हतं.’

टाचणीने मान हलवली. लेकीला खोटं बोलायची सवय नव्हती, तिचे ओठ थरथरत होते. टाचणीने तिला जवळ घेतलं आणि थोपटलं.

बेकरीवाली पाणी घेऊन आली तेव्हा टाचणीने तिचा हात धरला.

‘आज दुपारी हललं होतं का गं? थोडंसं? दोनदा?’

बेकरीवालीला काय ठाऊक, काय विचारलं जातंय ते. तिला वाटलं, बाई घाबरलीय, धीर द्यावा. तिने दोन्ही हात हलवून सांगितलं, ‘नाही गं बाई. आज काही नाही. आज सकाळपासून एकदाही नाही. आता गेलं म्हणतात ते संकट.’

टाचणीने तिचा हात सोडला नाही. ती पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिली आणि बेकरीवाली पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली, की आज काही नाही, आज अगदी शांत होतं. शेवटी लेकीने दोघींचे हात सोडवले.

संध्याकाळी झगावाली बाई आली, घरातली गर्दी बघून चपापली आणि झगा न मागताच परत गेली.

लेक आईला म्हणत होती, हे घर सोडून दुसरीकडे राहायला जाऊ. टाचणी जागची हलेना. बोलेना, चिडेना, डोळे मिटून घेईना. तिच्या जिभेचं ते टोक कुठे गेलं कोणास ठाऊक. खांबाजवळ बसायची आणि मांडीवर तोच पांढरा झगा घेऊन ती कड उसवायची. उसवून झाली की पुन्हा शिवायची, आणि पुन्हा उसवायची. लेक समजावून थकली. तुझी चूक नाही आई, तुला कसं कळणार होतं आई. टाचणी ऐकायची, म्हणजे बघायची, आणि एकदा म्हणाली, ‘त्याला मीच सांगितलं होतं, थांबू नकोस. तो मुद्दाम थांबला असेल का गं?’ आणि लेकीला रडू फुटलं.

अशात एके सकाळी वायरमन आला. खांद्यावर तारेचं वेटोळं, हातात पिशवी, पिशवीत बटण आणि लालभडक दिवा. चार गल्ल्या पलीकडे राहणारा माणूस, त्याच्या कानावर काहीच गेलं नव्हतं. उशीर झाला म्हणून दारातूनच माफी मागत आला. लेक लगबगीने पुढे झाली. ‘आता नको,’ ती म्हणाली. ‘आता गरज नाही.’

टाचणीने ते ओठ वाचले आणि जमिनीवर पाय आपटला.

‘बसवू दे.’

‘आई, अगं पण कोणासाठी?’

‘बसवू दे म्हणते ना.’

वायरमन दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला. त्याला वर नेलं, तेव्हा रिकामी खाट बघून त्याने खाली मान घातली. पण आलेलं काम करून गेला. बटण खाटेच्या कडेला, बरोबर सुताराच्या हाताशी येईल असं. दिवा खाली टेबलावर, शिवताना डोळ्यांत घुसेल असा. लेकीने वर जाऊन बटण दाबून पाहिलं. खाली आईचं तोंड लाल झालं.

संकट गेलं म्हणणारे चुकले होते. थोड्याच दिवसांनी, लेक कामावर गेलेली असताना, दुपारी खांबाने टाचणीच्या खांद्याला पुन्हा धक्का दिला. कात्री टेबलावर थरथरली. समोर न्हाव्याने वस्तरा उचलला आणि परत टेकवला. तिने सुई थांबवली आणि दिव्याकडे पाहिलं. दिवा लागलेला नव्हता. म्हणजे जमीनच होती. यावेळी त्यात कसली म्हणून शंका नव्हती.

खांब थांबला. तिने झगा बाजूला ठेवला, कठडा धरला आणि दुखऱ्या गुडघ्याने एकेक पायरी चढत वर गेली. दारात उभी राहून तिने रिकाम्या खाटेला विचारलं, ‘बोलावलंस?’